आक्काचं सासर

श्रावणातली पंचमी जवळ आली की महालिंगप्पा पांढरंशुभ्र धोतर नेसून, डोक्याला पटका बांधून बोरवाडीहून सास्तूरला येत आणि हात हलवत परत जात. हे इतकी वर्षं चाललं होतं की स्टँडवरचा चहावाला त्यांना उतरताना बघूनच विचारी, "अप्पा, परतीची गाडी थांबवू का?" बहिणीला सणाला माहेरी न्यायला येणारा तो मुराळी, त्याला असं रिकाम्या हातानं लावून देणं म्हणजे गावभर चर्चा. पण उमादेवी चर्चेला भिणाऱ्यातली नव्हती. ती भावाला पाय धुवायला गरम पाणी द्यायची, शेंगाची पोळी वाढायची, वर तुपाची धार सोडायची, आणि ताट उचलता उचलता दरवर्षीचं वाक्य टाकायची.

"थोरली आधी माहेराला येऊ दे. मग मी येती."

"थोरली दिल्लीला हाय, उमाक्का!"

"मग दिल्लीला जा की. मुराळी हाईस का बुजगावणं?"

सत्तरी गाठलेल्या माणसाला भरल्या घरात असं बोलू शकणारी जगात एकच असामी असते, आणि ती म्हणजे मोठी बहीण. महालिंगप्पा मिशीतल्या मिशीत पुटपुटत, पिशवी उचलत आणि चहावाल्याकडं न बघता गाडीत चढत.

आता ही दिल्लीची थोरली कोण, ते सांगायला हवं. ती दगडाची होती.

उमादेवी परकर-पोलक्यात होती तेव्हाची गोष्ट. तिच्या वडिलांनी बोरवाडीच्या रानात विहीर खणायला घेतली. पुरुषभर खोल गेल्यावर पहार टणकन वाजली आणि चिखलातून एक बाई वर आली. काळ्याभोर दगडाची. एका पायावर उभी, दुसरा पाय दुमडून वर घेतलेला, आणि मान वाकवून त्या तळव्यातला काटा काढत असलेली. सगळं गाव लोटलं. हातात शस्त्र नाही, शेजारी वाहन नाही, हात दोनच; देवी म्हणावी तर कुठली? जाणत्यांचा खल दिवस कलेपर्यंत चालला. शेवटी उमादेवीची आई, जिला सगळे अव्वा म्हणत, पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली.

"देव न्हाय तर न्हाय," ती म्हणाली. "पोरगी हाय. काटा रुतला म्हणून आपल्या रानात थांबली. थांबली म्हंजी आपली झाली."

खल संपला. लिंबाखाली कट्टा बांधून त्या पोरीला उभी केली आणि उमाला एका दिवसात थोरली बहीण मिळाली. सगळे तिला आक्का म्हणू लागले. उमा तिच्याशी भांडायची, तिला दाखवून दाखवून चिंचा खायची, शाळेत मार बसला की तिच्यापाशी जाऊन मान वर करून रडायची. आक्का आपल्या काट्यात गुंग असायची, पण ऐकायची सगळं. निदान उमाला तसं वाटायचं.

मग एक दिवस सरकारी गाडी आली. असली मूर्ती रानात ठेवायची नसते, सरकारात जमा करायची असते, हे साहेबांनी गोड शब्दांत समजावलं. पुरुषमंडळींनी माना डोलावल्या. अव्वानं मात्र गाडी अडवली. दगडाच्या पोरीला हळदीकुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली आणि साहेबाला बजावलं, "नांदायला धाडायलोय. नीट ठेवा." साहेब बिचारा हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

पुढं कळलं की आक्का औरंगाबादवरून थेट दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेली. दिल्लीचं सासर! बोरवाडीतल्या कुठल्याच लेकीला एवढं लांबचं स्थळ मिळालं नव्हतं, त्यामुळं अव्वा दुःखातसुद्धा थोडी मिरवायची. पण पंचमीला गावच्या लेकी झोक्यावर बसल्या की तिचा जीव तुटायचा. मरताना ती उमादेवीचा हात धरून एवढंच म्हणाली होती, "माज्या थोरलीला एकदा माहेराला आण."

अव्वा गेली आणि तेव्हापासून उमादेवी पंचमीला बोरवाडीला गेली नाही. लग्नाकार्याला जायची, दुखण्याखुपण्याला जायची, पण माहेरवाशीण म्हणून नाही. धाकटीनं झोके घ्यायचे आणि थोरलीनं परक्या गावात नुसतं उभं राहायचं, हे तिला सोसत नव्हतं. दगड काही एसटीत बसून येत नाही, एवढं कळण्याइतकी ती शहाणी होती. कळत होतं पण वळत नव्हतं, आणि त्यात तिच्या कितीतरी पंचम्या कोरड्या गेल्या.

यंदा कोंडी फोडली ती नातीनं. राजेश्वरी दिल्लीत एका कंपनीत नोकरीला होती. सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर संग्रहालय बघायला गेली आणि एका दालनात काटा काढणारी बाई दिसताच जागच्या जागी थांबली. खाली पाटी होती: मुरूम परिसर, जिल्हा उस्मानाबाद. म्हणजे बोरवाडीचंच रान! लहानपणापासून जिच्या गोष्टी ऐकत झोपलो ती ही अशी समोर उभी! तिनं लगेच फोटो काढून घरी पाठवला.

सास्तूरच्या घरात सून मोबाइल घेऊन धावत आली. उमादेवीनं चष्मा लावला, बघितलं, चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"अजून काटा निघाला न्हाय व्हय गं तुझा?" ती फोटोला म्हणाली आणि मग मनसोक्त रडली. रडून झाल्यावर बोरवाडीला फोन लावला. "म्हाल्या, पटका धुवून ठेव. दिल्लीला जायाचंय."

तिचे यजमान शिवलिंगप्पा ओसरीवर बसून ऐकत होते. "दगडाला आणायला दिल्लीला?" ते म्हणाले.

"तुमी दरसाली श्रीशैलला कुणाला भेटायला जाता?"

शिवलिंगप्पांनी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं आणि विषय मिटला.

तयारी मात्र अगदी रीतीप्रमाणं झाली. भाजक्या डाळीच्या पिठाचे, गूळ घातलेले तंबिटाचे लाडू बांधले. आक्कासाठी वेगळे आणि सासरच्या माणसांसाठी वेगळे; सासरच्यांच्या लाडवात तूप हात सैल सोडून घातलं. हिरवं इरकली लुगडं घेतलं, खण घेतला, बांगड्या घेतल्या. महालिंगप्पांचा बेत सरळ होता. मुराळ्यानं दारात जायचं, लेक पंचमीला पाठवता का म्हणून विचारायचं. सासरचे नाही म्हणाले तर चार गोष्टी सांगायच्या. हो म्हणाले तर टेंपो करायचा.

"आणि मामाआज्जा, ते हसले तर?" राजेश्वरीनं फोनवर विचारलं.

"हसू दे. मुराळ्याला समदे हसतात."

सोलापूरहून गाडी धरून बहीणभाऊ दिल्लीला पोचले. संग्रहालयाची ती भलीमोठी गोल इमारत बघून महालिंगप्पांची छाती फुगली. "घर तालेवार हाय," ते म्हणाले. उमादेवीनं पायरीवर चपला काढल्या. पहारेकऱ्यानं त्या पुन्हा घालायला लावल्या. पिशव्या यंत्रातून गेल्या आणि लाडू, लुगडं, बांगड्या सगळं बाहेरच्या खोलीत ठेवून घेतलं गेलं.

"सासरच्या दारात आहेर काढून घेत्यात, ही कुठली रीत?" महालिंगप्पा गुरगुरले.

"जाताना परत देतात," राजेश्वरीनं समजूत घातली.

"परत देत्यात? म्हंजी अजूनच वंगाळ."

उमादेवीचं इकडं लक्ष नव्हतं. आक्का आपल्याला ओळखेल का, असला वेडा विचार तिच्या मनात येत होता आणि तो वेडा आहे हे ठाऊक असूनही जात नव्हता. आपले केस पांढरे झाले, दात पडले, पाठ वाकली. हीच ती चिंचा दाखवून खाणारी उमा, हे आक्काला कोण सांगणार? ती नातीचा हात धरून एकामागून एक दालन ओलांडत गेली. दोन्ही बाजूंनी देव, राजे, अप्सरा, हत्ती तिच्याकडं बघत राहिले. तिनं कुणाकडंही बघितलं नाही.

"इथंच, आज्जी. हा खांब झाला की डावीकडं."

खांब झाला. डावीकडं एक चौथरा होता. चौथऱ्यावर काहीच नव्हतं.

राजेश्वरीनं पुढं जाऊन, मागं येऊन, बाजूला वाकून बघितलं. जागा तीच होती. उमादेवीनं रिकाम्या चौथऱ्याकडं बघितलं. ती शेजारच्या बाकावर मटकन बसली. एवढी वर्षं नाही नाही म्हणत थांबलो, आता आलो तर ही नाही. अव्वाला काय सांगायचं? मेलेल्या माणसाला काही सांगावं लागत नाही म्हणतात, पण ते खरं नाही.

महालिंगप्पांचं तसं झालं नाही. त्यांच्या अंगात एकदम बहिणीचा भाऊ संचारला. ते तडक पहारेकऱ्यापाशी गेले आणि उस्मानाबादी हिंदीत गरजले, "हमारी आक्का किधर गई?"

"कौन आक्का?"

"ये हितं खडी थी. पाँव में काटा. तुमकू सँभालने कू दिए थे ना हम?"

पहारेकऱ्याच्या नोकरीत हा प्रश्न पहिल्यांदाच आला असावा. त्यानं घाईघाईनं आत फोन लावला. थोड्या वेळानं सुती साडी नेसलेल्या एक अधिकारी बाई आल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात चष्मा. राजेश्वरी लाजत लाजत सगळं सांगू लागली: विहीर, अव्वा, ओटी, पंचमी. मध्ये मध्ये महालिंगप्पा तिचं बोलणं दुरुस्त करत होते. बाई ऐकत होत्या. त्या हसतील म्हणून राजेश्वरी वाट बघत होती. त्या हसल्या नाहीत. त्यांचे डोळे मात्र मोठे मोठे होत गेले.

"आप भाई हैं? लिवाने आए हैं?" त्यांनी महालिंगप्पांना विचारलं.

"हौ. पंचमी कू."

"हमारे यहाँ तीज पर भाई आता है," बाई म्हणाल्या. आणि मग त्यांना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "पर आप देर से आए, दादाजी. वो तो मायके चली गई!"

मराठवाड्यातल्या जुन्या शिल्पांचं एक फिरतं प्रदर्शन निघालं होतं. निरनिराळ्या ठिकाणांहून मूर्ती गोळा करून त्या त्यांच्याच मुलखात दाखवायला नेल्या होत्या. काटा काढणारी त्यातच गेली होती. आणि प्रदर्शनाचा सध्याचा मुक्काम होता धाराशिव, म्हणजे जुनं उस्मानाबाद.

राजेश्वरीनं मनात हिशोब केला आणि कपाळावर हात मारला. हे दोघं सोलापूरला गाडीत चढत होते तेव्हा आक्का धाराशिवला पेटीतून बाहेर निघत होती. घरापासून एसटीनं दीड-दोन तासांच्या वाटेवर!

"मुराळी यायच्या आधी?" महालिंगप्पा अजून तिथंच अडकले होते. "कुणाबरोबर धाडली?"

बाईंनी सांगितलं. गाद्यांच्या पेटीत, बंद गाडीत, दोन अधिकारी सोबत आणि पुढं पोलिसांची जीप.

महालिंगप्पांची मान हळूहळू ताठ झाली. पोलिसांची जीप! पटक्याचं टोक त्यांनी खांद्यावर टाकलं. "न्हाय, मग ठीक हाय," ते म्हणाले. "सोबत बरी हाय."

आणि बाकावर बसलेल्या उमादेवीला हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग पोट, मग ती तोंडावर पदर धरून अशी हसली की पलीकडचे परदेशी पाहुणे वळून बघू लागले. "आमी तिला आणायला हिकडं," ती कशीबशी म्हणाली, "आन ही बया आमच्या आधी तिकडं! लहानपणापासून अशीच. सांगून म्हणून कधी काय केलं न्हाय." महालिंगप्पाही हसले. अधिकारी बाई तर भिंतीला टेकल्या.

हसू ओसरल्यावर राजेश्वरीनं विचारलं, "आता काय करायचं आज्जी? परतीची गाडी उद्याची आहे."

"काय म्हंजी? सासर बघून जाऊ. लेक कुठं दिलीय ते माहेरच्यांनी बघाय नको?"

मघाशी कुणाकडंही न बघता गेलेली उमादेवी आता कंबर कसून निघाली. अधिकारी बाई सोबत आल्या. त्यांना म्हणे काम होतं, पण ते त्यांनी नंतरवर टाकलं. आणि तिथल्या पाच हजार वर्षांच्या ठेव्याची कधी झाली नव्हती तशी तपासणी सुरू झाली.

पहिल्यांदा त्यांनी मोहेंजोदडोची नर्तकी दाखवली. उमादेवीला वाटलं होतं, एवढी नावाजलेली बाई, पुरुषभर उंच तरी असेल. काचेच्या आत वीतभरसुद्धा नसलेली पोरगी उभी होती. उघडी, सडपातळ, एका हातात खांद्यापर्यंत बांगड्या, दुसरा हात कमरेवर, हनुवटी वर.

"ही नणंद," उमादेवीनं बघताक्षणी सांगितलं.

"कशावरून गं, आज्जी?"

"कमरेवरचा हात बघ की. आक्काला इचारायली, झाला का न्हाय सयपाक म्हणून." ती काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिली. मग आवाज बदलून म्हणाली, "किती वर्सं झाली म्हणलीस हिला?"

"साडेचार हजार."

"साडेचार हजार वर्सं पोरगी कमरेवर हात ठिवून उभी हाय आन कुणी तिला हात खाली घे म्हणलं न्हाय." उमादेवीनं मान हलवली. "चांगलं घर हाय हे."

कांस्यमूर्तींच्या दालनात नटराज होता. ज्वाळांच्या कड्यात एक पाय उचललेला, जटा वाऱ्यावर पसरलेल्या, आणि एवढ्या धामधुमीत चेहरा मात्र शांत. महालिंगप्पांनी कुणाला न विचारता चपला काढल्या, गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला आणि डोळे मिटले. यावेळी पहारेकरी काही बोलला नाही. उमादेवीनंही हात जोडले. "घरचा धनीच नाचायलाय," ती म्हणाली, "म्हंजी घर आनंदात हाय."

पुढं एका सोनेरी मखरात बुद्धांच्या अस्थी होत्या. समोर लांबच्या कुठल्यातरी देशातून आलेली माणसं जमिनीवर डोळे मिटून बसली होती. बहीणभाऊही त्यांच्या मागं जाऊन बसले. बाहेरचा सगळा गलबला तिथं गळून पडल्यासारखा झाला होता. उठताना उमादेवी नातीच्या कानात कुजबुजली, "एवढ्या मोठ्या मानसाची सावली हाय तिच्यावर. आन म्या उगंच काळजी करायली."

आणि मग चित्रांचं दालन आलं. लहान लहान चित्रं, पोस्टकार्डाएवढी, पण त्यात अख्खे वाडे, बागा, मोर, ढग. उमादेवी कंबरेत वाकून एकेक बघत चालली होती आणि अचानक थांबली. तिनं चष्मा सारखा केला. चित्रात झाडाला झोका बांधला होता. काळ्या ढगाखाली दोन बायका झोक्यावर उभ्या राहून झोका चढवत होत्या, बाकीच्या दोऱ्या ओढत होत्या, कुणाची ओढणी वाऱ्यावर उडाली होती.

"म्हाल्या! हिकडं ये! झोका!"

"कुठाय?"

"ह्यो काय! हितं बी पंचमी हाय रे!"

तिचा आवाज दालनभर घुमला. राजेश्वरी गप्प करायला पुढं झाली आणि आज्जीचा चेहरा बघून थांबली. उमादेवी रडत होती, पण हे रडणं मोबाइलवर फोटो बघतानाचं नव्हतं. इतकी वर्षं तिनं आक्काला एका ओसाड जागी उभी केली होती. परका गाव, परकी भाषा, पंचमीला पाट नाही, पान नाही. त्या ओसाड जागेपायी तिनं स्वतःचा झोका टाकला होता. आणि इथं तर सगळंच होतं. नणंद होती, धनी होता, वडीलधाऱ्याची सावली होती, पलीकडच्या खोलीत बारा महिने झोका चालू होता. आक्का सुखात होती. उमादेवीच्या छातीवरचं एक जुनं ओझं उतरलं. ती त्या बायकांचा झोका बघत डोळे पुसत राहिली.

जाताना बाहेरच्या खोलीतून पिशव्या परत मिळाल्या. महालिंगप्पांनी सासरच्या लाडवांचा डबा काढून अधिकारी बाईंच्या हातात दिला. बाईंनी तिथंच उभ्याउभ्या एक तोंडात टाकला, पहारेकऱ्यांना दिला, तिकिटाच्या खिडकीत दिला. मघाशी गोंधळलेला पहारेकरी दुसऱ्यांदा मागायला आला तेव्हा महालिंगप्पांचा उरलासुरला राग गेला.

"उससे कहिएगा," निरोप घेताना बाई म्हणाल्या, "आराम से रहे. यहाँ कोई जल्दी नहीं."

सासरहून असा निरोप कुठल्या माहेराला मिळतो?

परतीच्या गाडीत महालिंगप्पांनी बोरवाडीला फोन केला. फोन कसला, दवंडीच ती. पंचमीच्या दिवशी बहीणभाऊ सोलापूरहून धाराशिवला उतरले तेव्हा प्रदर्शनाच्या इमारतीसमोर बोरवाडीचा टेंपो आधीच उभा होता. हिरव्या बांगड्या भरलेल्या सुना-लेकी, नऊवारीतल्या म्हाताऱ्या, हातात लाह्या-लाडवाच्या पाट्या. त्यातल्या निम्म्यांनी आक्काला कधी बघितलेलं नव्हतं. आत मात्र कुणी गेली नव्हती. "आधी तू जा, उमाक्का," सगळ्यांनी सांगितलं.

उमादेवी आत गेली. मागं दोन पावलं ठेवून महालिंगप्पा. सगळ्या वाटेत तिनं काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. बहिणीबहिणीत जे बोलतात तेच. माझे गुडघे गेले, तुझे कसे आहेत? अव्वानं शेवटपर्यंत तुझी आठवण काढली. त्र्याण्णवच्या भूकंपात सास्तूरचं घर गेलं, नव्या गावात नवं बांधलं, आता नातवंडं मोठी झाली. इतक्या वर्षांचं साठलेलं.

कोपऱ्याशी पोचल्यावर तिची नजर सवयीनं वर गेली. कट्ट्यावरच्या आक्काकडं बघायला मान जेवढी वर करावी लागायची तेवढी. तिथं भिंत होती.

मग नजर खाली आली.

आक्का केवढीशी होती! चौथऱ्यासकट उमादेवीच्या हनुवटीला लागेल एवढी. वर दिवा सोडला होता आणि त्या उजेडात तिचा चेहरा पहिल्यांदाच नीट दिसत होता. मोबाइलमध्ये उमादेवीनं काटा बघितला होता, वय बघितलं नव्हतं. गालांचं गोबरेपण अजून गेलेलं नव्हतं. काटा ओढताना दुखू नये म्हणून खालचा ओठ दातात धरला होता. सोळा, फार तर सतरा. राजेश्वरीपेक्षा लहान. इतकी वर्षं उमादेवी मनातल्या मनात तिला आपल्याबरोबर म्हातारी करत आली होती. तिचे केस पिकवले, तिचे गुडघे दुखवले. ती तर पोरगी होती. थोरलीला भेटायला आलेली उमादेवी एका कोवळ्या लेकीसमोर उभी होती.

ठरवलेलं सगळं विसरलं. बहिणीचं बोलणं ओठावर येईना. दोरीच्या अलीकडून तिचे दोन्ही हात आपोआप पुढं झाले, हवेतच त्या गोबऱ्या गालांवरून फिरले, स्वतःच्या कानशिलांवर आले आणि तिनं कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली.

"आलीस का गं माझी बाय," ती म्हणाली. "लई लांबून आलीस. दमलीस व्हय?"

तो आवाज उमादेवीचा नव्हता. किंचित घोगरा, 'बाय' म्हणताना लांबणारा. मागं उभ्या महालिंगप्पांनी तो ऐकला. पटका काढून त्यांनी छातीशी धरला. लहानपणी रानातून घरी आल्यावर दारात जो आवाज यायचा तो.

"अव्वा," ते हळूच म्हणाले.

उमादेवीनं ऐकलं. तिनं मागं वळून भावाकडं बघितलं, मग पुन्हा त्या पोरीकडं. थोरलीला माहेराला आण, असं अव्वा म्हणाली होती. इतकी वर्षं उमादेवी समजत होती की माहेर म्हणजे बोरवाडी, लिंब, विहीर. पण माहेर म्हणजे आलीस का म्हणणारं कुणीतरी. ते म्हणायला अव्वा उरली नव्हती म्हणूनच तिला स्वतःला तिकडं जाववत नव्हतं. थोरलीचं निमित्त होतं. आणि आता ते म्हणणारी ती स्वतःच होती.

तिनं दाराकडं हात केला आणि बोरवाडीच्या बायका आत आल्या. एकेक पुढं होई, ठेंगणी पोर बघून "अगं बाय!" म्हणे आणि बोटं मोडी. सगळ्या हॉलभर कडकड कडकड आवाज चालला. कर्मचारी कावराबावरा होऊन महालिंगप्पांना विचारू लागला, हे काय चाललंय म्हणून.

"लेक आलीया सणाला," महालिंगप्पा म्हणाले. दुसरं काही सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

बायका फेर धरायला बाहेरच्या मैदानात गेल्या तेव्हा उमादेवी थोडा वेळ मागं राहिली. मग तीही आली. पायरीवर बसून तिनं चपला घातल्या आणि भावाकडं बघितलं.

"म्हाल्या, बघत काय बसलास? चल, आता मला ने."

महालिंगप्पांनी घाईघाईनं पटका बांधला आणि बहिणीची पिशवी उचलली.